फाइलवर ‘ए५४’ लिहिलंय म्हणजे गनोरिया झालाच का? आजाराच्या कोडवर किती विश्वास ठेवायचा?

जगात दररोज दहा लाखांहून जास्त लोकांना लैंगिक संबंधातून पसरणारा, पण औषधाने बरा होणारा एखादा संसर्ग होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०२० या एका वर्षात क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनियासिस या चार आजारांचे मिळून जगभरात सुमारे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले असावेत, असं ही संघटना सांगते.

इथे ‘अंदाज’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण हे आजार नेमके मोजणं फार अवघड असतं. बऱ्याच जणांना लक्षणंच नसतात, ज्यांना असतात त्यातले अनेक जण लाजेपोटी डॉक्टरकडे जात नाहीत, आणि जे जातात त्यांच्या फाइलमध्ये काय लिहिलं जातं हा वेगळाच प्रश्न.

हॉस्पिटलं, विमा कंपन्या, संशोधक आणि आता एआयची मॉडेलं बनवणारे लोक फाइलमधल्या एका छोट्या गोष्टीवर मोठी भिस्त ठेवतात. ती म्हणजे आजाराचा कोड. ‘ए५४’ दिसला की गनोरिया, ‘ए५६’ दिसला की क्लॅमिडिया. पण हा कोड खरंच आजार सांगतो का? आणि तो चुकला तर त्याची किंमत कोण मोजतं? भारतात सगळ्यांच्याच आरोग्याच्या नोंदी डिजिटल होत असताना हे समजून घेणं गरजेचं आहे.

हा कोड म्हणजे नेमकं काय?

डिस्चार्ज कार्डवर, विम्याच्या क्लेम फॉर्मवर किंवा हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये आजाराच्या नावाशेजारी एक अक्षर आणि काही आकडे दिसतात. ते ‘इंटरनॅशनल क्लासिफिकेशन ऑफ डिसीजेस’ म्हणजेच आयसीडी या जागतिक यादीतून येतात.

या यादीचं मूळ १८९३ मध्ये सापडतं. झाक बर्तिलाँ या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली मृत्यूच्या कारणांची यादी त्या वर्षी शिकागोत स्वीकारली गेली. माणसं कशाने मरतात हे सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने मोजावं, एवढाच तिचा हेतू होता. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही यादी आपल्याकडे घेतली आणि तिच्यात मृत्यूच्या कारणांबरोबर आजारांचाही समावेश झाला.

सध्या अनेक देशांत तिची दहावी आवृत्ती वापरली जाते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी तिच्याकडे वळायला प्रत्येक देश आपापला वेळ घेतोय.

दहाव्या आवृत्तीत ए५० ते ए६४ हे कोड प्रामुख्याने लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांसाठी राखून ठेवलेत. ए५० म्हणजे बाळाला जन्मतः असलेला सिफिलिस, ए५१ ते ए५३ म्हणजे सिफिलिसचे इतर प्रकार, ए५४ म्हणजे गनोरिया, ए५६ म्हणजे क्लॅमिडिया, ए५९ म्हणजे ट्रायकोमोनियासिस आणि ए६० म्हणजे जननेंद्रियांवरची नागीण, म्हणजेच हर्पिस. आपल्याकडचे जुने लोक गनोरियाला ‘परमा’ आणि सिफिलिसला ‘गरमी’ म्हणायचे.

कागदावर हे सगळं सोपं वाटतं. अडचण सुरू होते ती हा कोड कोण, कधी आणि कशासाठी टाकतं, हे बघितल्यावर.

रिपोर्ट येतो उशिरा, कोड पडतो आधी

समजा, एक तरुण सोमवारी दवाखान्यात गेला. लघवी करताना जळजळ होतेय, एवढीच तक्रार. डॉक्टरांनी नमुना लॅबला पाठवला. पण व्हिजिटची नोंद तर त्याच दिवशी बंद करायची असते. त्यामुळे फाइलवर कोड पडला तो फक्त ‘लघवीला त्रास’ असं सांगणारा.

बुधवारी रिपोर्ट आला. गनोरिया. दवाखान्यातून फोन गेला, तरुण येऊन इंजेक्शन घेऊन गेला आणि बरा झाला. पण सोमवारची नोंद उघडून तिथे ए५४ टाकायला कुणी बसलं नाही. लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये गनोरिया आहे, कोडमध्ये नाही. कोडवरून मोजणाऱ्याच्या लेखी या तरुणाला गनोरिया कधी झालाच नाही.

आता याच्या उलट बघा. लक्षणं बघून डॉक्टरांना गनोरियाची दाट शंका येते. रिपोर्टची वाट न बघता लगेच औषध देणं हे अशा वेळी योग्यच असतं, कारण तोवर संसर्ग जोडीदाराला होऊ शकतो. डॉक्टर औषध देतात आणि ए५४ टाकतात. दोन दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह येतो. कोड मात्र तसाच राहतो. या माणसाला गनोरिया नव्हता, पण फाइल पुढची अनेक वर्षं ‘होता’ असंच सांगत राहते.

‘शंका’ आणि ‘निदान’ यात गल्लत

ही गल्लत टाळण्यासाठी अमेरिकेत कोड टाकण्याचे लेखी नियम आहेत. ओपीडीतल्या रुग्णाबाबत ‘संभाव्य’, ‘शंका’, ‘आहे का ते तपासायचंय’ असं लिहिलेलं असेल, तर आजाराचा कोड टाकायचा नाही, फक्त लक्षणाचा टाकायचा, असा नियम आहे. पण हॉस्पिटलमध्ये भरती झालेल्या रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळीही निदान ‘संभाव्य’च असेल, तर मात्र तो आजार आहे असं धरून कोड टाकता येतो. म्हणजे तीच शंका ओपीडीत शंका राहते आणि वॉर्डात निदान होऊन बसते.

एचआयव्ही याला अपवाद आहे. तिथे निदान पक्कं असल्याशिवाय एचआयव्हीचा कोड टाकायचाच नाही, असं नियमातच स्पष्ट केलंय. चुकीच्या कोडने माणसाचं किती नुकसान होऊ शकतं हे नियम करणाऱ्यांना ठाऊक होतं, असा याचा अर्थ. गनोरिया किंवा सिफिलिसला मात्र हे संरक्षण मिळालं नाही.

आणखी एक गोंधळ तपासणीच्या कोडचा. काही त्रास नाही, फक्त खबरदारी म्हणून तपासणी करायची असेल तर त्यासाठी ‘झेड११.३’ हा वेगळा कोड आहे. संसर्ग झालेल्या व्यक्तीशी संबंध आला म्हणून तपासणी करायची असेल तर ‘झेड२०.२’ आहे. पण लॅबची टेस्ट मागवताना सॉफ्टवेअर कारण विचारतं आणि घाईत यादीतून थेट आजाराचंच नाव निवडलं जातं. मग ज्याची टेस्ट निगेटिव्ह आली, त्याच्याही नावावर आजार चढतो.

एकच आजार, कोड अनेक

कोड शोधणाऱ्यांचीही चूक होते. क्लॅमिडियाचा संशोधक फक्त ए५६ शोधत बसला, तर ‘ए७४.९’ म्हणजे ‘क्लॅमिडियाचा संसर्ग, तपशील नाही’ असा कोड टाकलेले रुग्ण त्याच्या हातून सुटतात. आणि ‘क्लॅमिडिया’ हा शब्द असलेले सगळे कोड गोळा केले, तर डोळ्यांचा ट्रॅकोमाही यादीत येऊन बसतो, कारण तोही त्याच जंतूमुळे होतो.

हर्पिसचं तसंच. जननेंद्रियांवरच्या हर्पिसला ए६० आहे, पण डॉक्टरांनी नुसतं ‘हर्पिस’ लिहिलं तर कोड पडतो बी००चा. त्या गटात ओठांवर उठणारं हर्पिसही येतं. आता यातलं कुठलं कोणाला झालं होतं, हे कोडवरून कळायला मार्ग नाही.

सिफिलिस: बरा झाला तरी पाठ सोडत नाही

सर्वांत जास्त घोळ सिफिलिसच्या बाबतीत होतो, आणि त्याचं कारण रक्ताच्या टेस्टमध्ये आहे.

गरोदर महिलेच्या तपासण्यांत ‘व्हीडीआरएल’ हे नाव अनेकांनी वाचलेलं असेल. ही सिफिलिसची प्राथमिक टेस्ट. पण गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग किंवा ल्युपससारख्या आजारातही ती कधीकधी पॉझिटिव्ह येते. म्हणून खात्रीसाठी ‘टीपीएचए’सारखी दुसरी टेस्ट करतात. आता या दुसऱ्या टेस्टची गंमत अशी की एकदा सिफिलिस होऊन गेला, पेनिसिलिनने पूर्ण बरा झाला, तरी ती बहुतेकांमध्ये आयुष्यभर पॉझिटिव्हच येत राहते.

त्यामुळे वीस वर्षांपूर्वी बरा झालेला माणूस एखाद्या ऑपरेशनआधी रक्त तपासायला गेला, की रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह. जुनी हकीकत कोणी विचारली नाही तर फाइलवर ‘ए५३.९’ म्हणजे ‘सिफिलिस, तपशील नाही’ असा कोड पडतो. आजार जुना, नोंद नवी. संसर्ग ताजा आहे की जुना हे ठरवायला व्हीडीआरएलचं प्रमाण आधी किती होतं आणि उपचारानंतर किती उतरलं, ते बघावं लागतं. ही माहिती कोडमध्ये मावत नाही.

लाज आणि विम्याचा कागद

सगळ्याच चुका नकळत होत नाहीत. काही कोड मुद्दाम मवाळ निवडले जातात.

अमेरिकेत २०१० च्या आरोग्य विमा कायद्यामुळे मुलं वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या विम्यावर राहू शकतात. उपचार झाले की विमा कंपनी पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याला खर्चाचा तपशील पाठवते. म्हणजे मुलीने केलेली क्लॅमिडियाची टेस्ट वडिलांच्या टपालात येऊ शकते. अशा वेळी डॉक्टर ‘मूत्रमार्गाचा दाह’ असा अघळपघळ कोड टाकतात, किंवा रुग्ण विमा न वापरता रोख पैसे देतो. तो मोफत सरकारी केंद्रात गेला, तर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरच्या फाइलमध्ये या आजाराचा मागमूसही राहत नाही.

डॉक्टरचा हेतू चांगला असतो, रुग्णाची अब्रू सांभाळण्याचा. पण आकडेवारीत एक रुग्ण कमी होतो. आणि ही गळती सगळीकडे सारखी नसते. लाज जिथे जास्त, तिथे गळती जास्त. म्हणजे ज्या समाजात हे आजार लपवले जातात, तिथेच ते कोडमध्ये सर्वांत कमी दिसतात.

९८.७५ टक्के अचूक, तरीही अर्धे रुग्ण गायब

‘आमचा डेटा ९८ टक्के अचूक आहे’ असं कुणी सांगितलं तर ऐकायला छान वाटतं. एक काल्पनिक उदाहरण घेऊन हे गणित तपासूया.

समजा एका हॉस्पिटलमध्ये १०,००० रुग्णांच्या फाइल्स आहेत. त्यातल्या २०० जणांना खरोखर क्लॅमिडिया आहे. क्लॅमिडियाचा कोड मात्र १२५ फाइल्सवर आहे. त्या १२५ पैकी १०० जणांना खरंच आजार आहे, २५ जणांना नाही.

• कोड असलेल्यांपैकी आजार खरा किती जणांना? १२५ पैकी १००, म्हणजे ८० टक्के.

• खऱ्या रुग्णांपैकी कोडने पकडले किती? २०० पैकी १००, म्हणजे निम्मेच.

• एकूण चुका किती? १०० सुटलेले आणि २५ उगाच अडकलेले, अशा १२५. म्हणजे १०,००० पैकी ९,८७५ फाइल्स बरोबर. अचूकता ९८.७५ टक्के!

एकाच डेटाबद्दल ‘९८.७५ टक्के अचूक’ आणि ‘निम्मे रुग्ण गायब’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. बहुतेक लोकांना आजार नसतोच, त्यामुळे कोड नसणं बहुतेक वेळा बरोबर ठरतं आणि टक्केवारी फुगते.

आता हाच कोड, चुकांचं प्रमाणही तेच, पण अशा गटात वापरला जिथे १०,००० पैकी फक्त २० जणांना आजार आहे. कोड त्यातले १० पकडेल. उगाच कोड पडलेले मात्र साधारण २५ च राहतील. म्हणजे कोड असलेल्या ३५ जणांपैकी खरे रुग्ण जेमतेम १०. एका गटात दहापैकी आठ वेळा खरा ठरणारा कोड दुसऱ्या गटात दहापैकी तीन वेळाही खरा ठरत नाही.

म्हणून ‘कोड किती अचूक?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. कुठल्या आजारासाठी, कुठल्या गटात आणि कशासाठी वापरायचा, यावर ते ठरतं.

मग इतर देश मोजतात कसं?

अमेरिकेत क्लॅमिडिया, गनोरिया आणि सिफिलिसची सरकारी आकडेवारी विम्याच्या कोडवरून काढली जात नाही. या आजारांची टेस्ट पॉझिटिव्ह आली की लॅबने आणि डॉक्टरने स्थानिक किंवा राज्याच्या आरोग्य खात्याला कळवायचं असतं आणि तिथून माहिती सीडीसी या राष्ट्रीय संस्थेकडे जाते. इंग्लंडमध्ये लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकमधून येणाऱ्या माहितीसाठी ‘गमकॅड’ ही स्वतंत्र यंत्रणा आहे. तिथे ‘टेस्ट केली’ आणि ‘आजार सापडला’ यासाठी वेगवेगळे कोड आहेत.

मॅसेच्युसेट्समध्ये संशोधकांनी ‘ईएसपी’ नावाची एक प्रणाली उभी केली. ती नुसता कोड बघत नाही. लॅबचा रिपोर्ट, दिलेलं औषध आणि कोड हे तिन्ही एकत्र तपासून ती रुग्ण शोधते आणि आरोग्य खात्याला कळवते. तीव्र हिपॅटायटिस बीवर काम करताना या संशोधकांना दिसलं की त्या आजाराचा कोड एकटा वापरला तर ज्यांना तो नाही अशीच माणसं जास्त हाती लागतात. लॅबच्या आकड्यांची जोड दिल्यावर चित्र स्पष्ट झालं.

औषधाची जोड मात्र जपून द्यावी लागते. सिफिलिसवर बेन्झाथिन पेनिसिलिन देतात, पण तेच इंजेक्शन संधिवाताच्या तापातून हृदयाला इजा होऊ नये म्हणूनही देतात. क्लॅमिडियावरचं डॉक्सिसायक्लिन तारुण्यपिटिकांवरही चालतं. म्हणून एकच धागा पकडून चालत नाही.

आणि हे सगळं असूनही ‘रुग्ण कोणाला म्हणायचं’ हा प्रश्न उरतोच. जन्मतः सिफिलिसचंच बघा. आईला सिफिलिस असेल आणि तिच्यावर पुरेसे उपचार झाले नसतील, तर बाळात एकही लक्षण नसताना सीडीसीच्या व्याख्येनुसार ते बाळ मोजलं जाऊ शकतं. हॉस्पिटलचा कोड त्या बाळावर पडेलच असं नाही.

एआय आलं, तरी फाइल तीच

फाइलमधल्या नोंदींवरून पुढे कोणाला धोका आहे हे सांगणारी मॉडेलं आता तयार होतायत. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंट या संस्थेच्या रुग्णांच्या नोंदींवर आधारलेलं एक संशोधन ‘द लॅन्सेट एचआयव्ही’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पुढच्या काळात कोणाला एचआयव्हीचा धोका आहे ते ओळखून त्यांना प्रतिबंधक औषध देता यावं, हा हेतू. मॉडेलने बऱ्याच पुरुषांना बरोबर हेरलं. पण नव्याने एचआयव्ही झालेल्या महिलांपैकी एकीलाही ते टिपू शकलं नाही.

जे फाइलमध्ये येत नाही, ते मॉडेलला दिसत नाही. आणि महिलेला असलेला धोका अनेकदा तिच्या जोडीदारामुळे असतो, तो तिच्या फाइलमध्ये येणार कुठून?

भारतात काय परिस्थिती आहे?

आपल्याकडे प्रश्न आणखी एक पाऊल आधी सुरू होतो. कोड चुकण्याआधी निदानच धूसर असतं.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या म्हणजेच नॅकोच्या कार्यक्रमात अनेक ठिकाणी लक्षणसमूहावरून उपचार करण्याची पद्धत आहे. लॅब जवळ नाही, रुग्ण परत येईल याची खात्री नाही, अशा ठिकाणी लक्षणं बघून त्या लक्षणांमागे असू शकणाऱ्या सगळ्या मुख्य आजारांचं औषध एकदम द्यायचं. त्यासाठी रंगीत किट आहेत. मूत्रमार्गातून स्राव होत असेल तर करडं, योनीतून स्राव होत असेल तर हिरवं, जखमेसाठी पांढरं, हर्पिससारख्या फोडांसाठी लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही किट मिळतात.

या पद्धतीने लाखो लोकांना वेळेवर औषध मिळालं, हे खरंच आहे. पण तिथे नोंद होते ती लक्षणाची, जंतूची नाही. ‘करडं किट दिलं’ यावरून गनोरिया होता, क्लॅमिडिया होता की दोन्ही, हे सांगता येत नाही.

सर्वांत मोठी अडचण ‘अंगावरून पांढरं जाणं’ या तक्रारीची. पांढरं जाण्यामागे बऱ्याचदा लैंगिक संसर्ग नसतोच. साधी बुरशी किंवा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडणं ही कारणं जास्त आढळतात. उलट गनोरिया किंवा क्लॅमिडिया झालेल्या अनेक महिलांना काहीच जाणवत नाही. त्यामुळे या एका लक्षणावरून काढलेला निष्कर्ष दोन्हीकडून फसतो.

आणि अनेक महिला तर दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. याचा ठोस पुरावा महाराष्ट्रातूनच आला होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये ६५० महिलांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी किमान एक आढळला. त्याआधी यातल्या जेमतेम ८ टक्के महिलांची कधी स्त्रीरोग तपासणी झाली होती. सरकारी नोंदवह्या बघून या गावांबद्दल मत बनवलं असतं तर ‘इथे असे आजार नाहीत’ असंच वाटलं असतं.

त्यात आणखी दोन गळत्या. आयुष्मान भारतसारख्या सरकारी विमा योजना प्रामुख्याने हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावर लागू होतात, पण लैंगिक आजारांवरचे उपचार बहुतेक ओपीडीतच होतात. त्यामुळे क्लेमच्या डेटामध्ये ते फारसे उमटत नाहीत. दुसरी गळती मेडिकलच्या दुकानात. काउंटरवर दबक्या आवाजात त्रास सांगून गोळ्या घेणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही.

चुकीच्या कोडची किंमत कोण मोजतं?

पहिली किंमत बाळं मोजतात. अमेरिकेत २०१२ मध्ये जन्मतः सिफिलिसची साडेतीनशेहून कमी प्रकरणं होती. २०२२ मध्ये ती ३,७०० च्या वर गेली. वेळेवर तपासणी आणि पुरेसे उपचार झाले असते, तर दहापैकी जवळपास नऊ प्रकरणं टाळता आली असती, असं सीडीसीने म्हटलंय. गरोदर महिलेच्या फाइलमध्ये सिफिलिसची खरी स्थिती आणि झालेला उपचार स्पष्ट दिसणं किती महत्त्वाचं आहे, हे यावरून कळतं.

दुसरी किंमत ज्याला आजार नाही त्याची. पांढरं जातंय म्हणून गेलेल्या महिलेच्या कागदावर ‘लैंगिक आजार’ लिहिलं गेलं आणि नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगितलं, तर घरात पहिला प्रश्न औषधाचा नसतो, चारित्र्याचा असतो. संशयाने सुरू झालेलं भांडण पुढच्या रिपोर्टने मिटत नाही.

तिसरी किंमत सगळ्यांची. गनोरियाचा जंतू एकामागून एक औषधांना दाद देईनासा झालाय. अंदाजाने दिलेल्या प्रत्येक जास्तीच्या प्रतिजैविकाने त्याला आणखी सराव मिळतो.

आभा कार्ड आणि गोपनीयता

२७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक मिळतो आणि संमतीने आरोग्याच्या नोंदी एका हॉस्पिटलमधून दुसरीकडे नेता येतात. या नोंदींसाठीचे मानक शब्द आणि कोड यांवर काम करणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यातल्या सी-डॅकमध्ये आहे.

सोय मोठी आहे. पण नोंदींबरोबर चूकही प्रवास करते. पूर्वी चुकीचं निदान एका दवाखान्याच्या कपाटात धूळ खात पडायचं. आता ते दुसऱ्या डॉक्टरच्या स्क्रीनवर ‘पूर्वीचा आजार’ म्हणून येऊ शकतं आणि तिथून कॉपी होऊन तिसरीकडे.

एचआयव्हीबाबत भारतात वेगळा कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय टेस्ट करण्याला, माहिती उघड करण्याला आणि भेदभावाला मनाई आहे. यात काही मोजके अपवाद आहेत. सिफिलिस, गनोरिया किंवा हर्पिससाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या व्यवसायाचे गोपनीयतेचे नियम आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यांच्यावर विसंबावं लागतं.

यातून मार्ग काय?

पहिला मार्ग नोंदीच्या पद्धतीचा. ‘शंका’, ‘तपासणी केली’, ‘निदान पक्कं’ आणि ‘पूर्वी झाला होता, आता बरा’ हे चार रकाने फाइलमध्ये वेगळे हवेत. रिपोर्ट आल्यावर कोड दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं हवं. लॅबचा रिपोर्ट थेट फाइलला जोडला गेला, तर अर्धं काम तिथेच होतं.

दुसरा मार्ग वापरणाऱ्यांचा. कोडवरून संशोधन करणाऱ्यांनी किंवा मॉडेल बनवणाऱ्यांनी आधी काही फाइल्स प्रत्यक्ष वाचून, लॅब रिपोर्टशी ताडून, कोड किती वेळा खरा निघतो आणि किती रुग्ण सुटतात हे दोन्ही आकडे सांगायला हवेत. नुसती ‘अचूकता’ सांगून भागत नाही, हे वरच्या गणितात दिसलंच.

तिसरा मार्ग तुमच्या हातात आहे. डिस्चार्ज कार्ड किंवा क्लेमची प्रत घेतली की निदानाचा रकाना वाचा. कोड ओळखीचा नसेल तर डॉक्टरांना विचारा, ‘हे पक्कं निदान आहे की शंका?’ रिपोर्ट निगेटिव्ह आला असेल तर फाइलमध्ये तशी नोंद करून मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या असतात. सिफिलिसवर उपचार झाले असतील तर तारीख, औषध आणि व्हीडीआरएलचे आकडे असलेला कागद जपून ठेवा. पुढे कधी टेस्ट पुन्हा पॉझिटिव्ह आली तर तोच उपयोगी पडतो.

आणि त्रास असेल किंवा धोका वाटत असेल, तर ‘हात दाखवून अवलक्षण’ नको म्हणून टेस्ट टाळू नका. सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत मिळतं. नॅकोच्या १०९७ या टोल फ्री हेल्पलाइनवर नाव न सांगताही माहिती विचारता येते.

फाइलमधला कोड हा एका भेटीचा, एका बिलाचा, कधीकधी एका घाईचा पुरावा असतो. शरीरात नेमकं काय आहे हे टेस्ट सांगते, आणि टेस्टचा अर्थ काय हे रुग्णाशी बोलणारा डॉक्टर सांगतो. देशभरातल्या नोंदी एकमेकांना जोडण्याआधी हे तिन्ही एकाच पानावर आणले, तर सुटलेले रुग्ण सापडतील आणि ज्यांना आजार नाही त्यांच्या कपाळावर उगाच शिक्का बसणार नाही.